बडोद्यात कला आणि पर्यावरणाची संस्था चालवायला कोणकोण लागतं?

प्रश्न: आम्ही सहा जण बडोद्यात कला आणि पर्यावरण एकत्र घेऊन वस्त्यांमध्ये काम करणारी संस्था काढायच्या विचारात आहोत. दोघं चित्रकार, एक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, बाकीचे हौशी. अशी संस्था प्रत्यक्षात कोण चालवतं? कुणी काय करायचं आणि सुरुवातीला काय बिघडतं?

उत्तर:

तुमच्या यादीत मला दोन माणसं दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी घालणारा आणि पावत्या लावणारा. नोंदणीच्या आधी या दोघांची सोय करा. कार्यक्रम देखणा करणारे बडोद्यात भरपूर मिळतात, इथे 1950 पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. पण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी जे काम उरतं त्याला धनी नसला, तर संस्था हळूहळू फक्त लेटरहेडवर उरते.

कमीत कमी रचना मी अशी धरेन. एक पूर्णवेळ पगारी समन्वयक. आठवड्यातून दोन दिवस येणारा हिशेबनीस. एक मैदानावरचा माणूस, ज्याच्याकडे रोपं, पाणी, सामान आणि टेम्पो. चित्रकार आणि परिसर अभ्यासक दिवसाच्या मानधनावर. विश्वस्त पाच किंवा सात, विषम संख्येत, म्हणजे मतं अडत नाहीत. बँकेत तिघांच्या सह्या नोंदवा आणि कुठल्याही दोघांच्या सहीनं पैसे निघतील असं ठेवा. दोनच सह्या ठेवल्या आणि एक जण मुलाकडे परदेशी गेला की पगार अडकतात.

पैसा कमी असेल तर सगळे समन्वयकाच्या पगारावर काट मारतात. तसं करू नका. परवानगीचे अर्ज, शाळांच्या तारखा, पालकांची संमतिपत्रं, देणगीदाराला अहवाल हे सगळं त्याच एका खुर्चीतून होतं. ती खुर्ची हौशी माणसावर सोपवली तर परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यात कामच थांबतं. विद्यार्थी स्वयंसेवक जरूर घ्या, पण तीन महिन्यांच्या बोलीवर, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते नसतील असं गृहीत धरून.

आता मूळ मुद्दा, कलावाले आणि पर्यावरणवाले एकत्र कसे बसवायचे. दोन विभाग करू नका. विभाग केले की पर्यावरणवाले भाषण देतात, कलावाले ‘झाडे लावा’ची चित्रस्पर्धा घेतात, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. प्रत्येक उपक्रमाला एक चित्रकार आणि एक अभ्यासक अशी जोडी द्या. कुठे आणि कधी जायचं हे अभ्यासक ठरवेल, तिथे हातानं काय करायचं हे चित्रकार ठरवेल.

उदाहरण म्हणून रेखाटनफेरी घ्या. 20 माणसं, तीन तास, अंतर फार तर 500-600 मीटर, कमाटीबागेत (सयाजीबाग) सहज जमतं. लांब फेरी ठेवली की लोक चालतच राहतात आणि पाहायचं राहून जातं. तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर अभ्यासकाचं बोलणं दहा मिनिटं आणि नंतर 35 मिनिटं शांतपणे रेखाटन. 4बी पेन्सिल, जाड कागदाची ए5 वही, पाठीला आधार म्हणून हार्डबोर्डचा तुकडा. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा आणि हवा लिहायचीच. पळस कधी फुलला, बहावा कधी बहरला, वडाला फळं कधी आली, हे दर महिन्याला त्याच जागी नोंदलं की तीन वर्षांत तुमच्याकडे त्या परिसराची सचित्र नोंदवही तयार होते. तीच संस्थेची खरी मालमत्ता. पानं त्याच आठवड्यात स्कॅन करा. महिनाभरानं कुणाची वही सापडत नाही.

झाडांची नावं मराठी-गुजराती दोन्हींत द्या. वड दोन्हीकडे वडच, पण कडुनिंब म्हणजे लीमडो, पळस म्हणजे खाखरो, चिंच म्हणजे आंबली, बहावा म्हणजे गरमाळो, उंबर म्हणजे उमरो. दांडिया बाजारच्या मराठी मंडळींना मराठी पत्रक चालेल, नदीकाठच्या वस्तीत चालणार नाही. तिथली आजी झाडाबद्दल जे सांगेल ते गुजराती शब्दांतच उतरवून घ्या.

पहिल्या वर्षासाठी मला विचाराल तर विषय वडच घ्या. शहराच्या नावातच तो आहे. वडपौर्णिमेला बायका झाडापाशी येतातच, त्यामुळे लोक गोळा करायची खटपट वाचते. आठ दिवस आधी आपल्या भागातल्या वडांची मोजणी करा. बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायची पद्धत आहे, पण वडाला पारंब्या बुंध्याला चिकटलेल्या असतात आणि आकडा फसवा येतो. म्हणून फांद्यांचा पसारा उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोन्हीकडून टेपनं मोजून नोंदवा. बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट असेल तर निदान एक मीटर माती उघडी करायचा अर्ज महापालिकेला द्या, मोजणीचा नकाशा सोबत जोडून. रस्त्यावर लोंबणाऱ्या पारंब्या छाटल्या जातात. त्याऐवजी जागा असेल तिथे आतून पोकळ केलेला बांबू उभा करून त्यात माती भरायची आणि पारंबी आत सोडायची. माती ओली ठेवली तर ती त्यातूनच जमिनीपर्यंत उतरते आणि पुढे फांदीला आधार देते. पूजेचा सुती दोरा कुजून जातो, नायलॉनचा राहतो आणि कोवळ्या खोडात रुततो. तो आठवडाभरानं कापून काढायला कुणाला तरी नेमा. घरच्या पूजेसाठी फांद्या तोडून आणण्याऐवजी वडाचं चित्र काढून पूजायची पद्धत अनेक घरांत आहेच. चित्रकाराला तिथे हवं तेवढं काम मिळतं.

गणपतीच्या आधीची शाडूची कार्यशाळा हा दुसरा भरवशाचा उपक्रम. सहा इंची मूर्तीला साधारण एक ते सव्वा किलो भिजवलेली माती धरा. 30 मुलांना 40 किलो आणा, मोडतोडीसाठी थोडी उरायला हवी. माती आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी तिंबा. बोटाला चिकटत नाही आणि वळताना चिरत नाही, इतपत झाली की तयार. तडे जातात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे पोट-बैठक जाड आणि हात-सोंड बारीक, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या गतीनं वाळतात. बैठक खालून खणून पोकळ करा. दुसरं म्हणजे उन्हात वाळवणं. सावलीत, वर ओलसर सुती कापड टाकून, श्रावणातल्या दमट हवेत आठवडा तरी द्या. म्हणजे चतुर्थीच्या दहा-बारा दिवस आधी मूर्ती पूर्ण व्हायला हव्यात. कार्यशाळा उशिरा ठेवली की ओल्या मूर्तीवर रंग चढवला जातो आणि तो पोपडे धरतो. हात-सोंड जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून मातीचंच दाट पाणी लावा, नुसतं दाबून चिकटवलेलं वाळल्यावर गळून पडतं.

रंग गेरू आणि हळदीचा. हळद उन्हात उडते, हे पालकांना आधीच सांगा. विसर्जन घरी बादलीत. शाडू विरघळते, म्हणून ती नदी-तलावात चालते असा समज आहे, पण तिचा बारीक गाळ पाण्यात बराच वेळ तरंगत राहतो आणि तळाशी साठतो. बादलीतलं वरचं पाणी कुंडीला घाला, खालची माती फडक्यावर वाळवा आणि संस्थेनं ती घरोघरी जाऊन परत आणावी. पुढच्या वर्षी तीच वापरता येते, मात्र ऑइलपेंट, वॉर्निश, चमकी लागलेली माती वेगळी काढावी लागते. हे परत आणायचं काम मैदानावरच्या माणसाच्या यादीत लेखी घाला, नाहीतर ते कुणीच करत नाही.

भिंतचित्राबद्दल थोडक्यात. भिंतीच्या मालकाची आणि सार्वजनिक जागा असेल तर वॉर्ड ऑफिसची लेखी परवानगी घ्या. पावसाळ्यानंतर लगेच रंगवू नका, भिंत आत ओली असते, लोणा (भिंतीतला क्षार) फुटतो आणि चित्र पापुद्र्यांनी सुटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. 10 × 30 फूट भिंतीला वायरब्रशनं घासून एक हात प्रायमरचे साधारण तीन लिटर आणि दोन हात पायारंगाचे (चित्राखालच्या सपाट रंगाचे) पाच-सहा लिटर लागतात. चित्राचे रंग वेगळे.

विश्वामित्रीबद्दल मात्र मी जरा ठासून सांगतो. ही नदी शहराच्या मध्यातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. मगर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. हिवाळ्यात सकाळी त्या काठावर ऊन खायला येतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पुलावरून किंवा उंच काठावरून पाहणं आणि रेखाटणं उत्तम होतं. उन्हाळ्यात माद्या काठात खड्डा करून अंडी घालतात आणि घरट्यापाशी राखण करतात. त्या दिवसांत काठावर उपक्रम नको. मुलांना पाण्याजवळ नेऊ नका, ब्रश नदीत धुवायला कुणालाही पाठवू नका, पाणी कॅनमधून न्या. आठ मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. दोरी बांधून हद्द आखा आणि ती अभ्यासकानं आखावी, चित्रकाराला नेहमी दोन पावलं पुढे जायचं असतं. काठ साफ करण्याच्या उत्साहात झुडपं सरसकट तोडू नका, काठाची माती तीच धरून ठेवतात आणि मगरींची बिळं तिथेच असतात.

याच नदीमुळे कार्यालय तळमजल्यावर असेल तर कागद, चित्रं आणि स्कॅनर माळ्यावर ठेवा. 2019 आणि 2024 च्या पुरांनंतर हे बडोदेकराला समजावायला नको, तरी खरेदीबिलांची फाइल खालच्याच कपाटात असते.

झाडं लावणार असाल तर संख्या आवरती घ्या. 40 झाडं, 400 नाहीत. खड्डे मेमध्येच 2 × 2 × 2 फुटांचे करून उन्हात तापू द्या, दोन भाग माती आणि एक भाग शेणखत भरा, आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावा. नदीकाठी अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. कोनोकार्पस हे शोभेचं विदेशी झाड फुकट मिळालं तरी घेऊ नका, गुजरातच्या वनविभागानं 2023 मध्ये त्याच्या लागवडीला मनाई केली आहे. पाऊस संपल्यावर पहिलं वर्ष दर झाडाला आठवड्यातून दोनदा 15 लिटर, म्हणजे 40 झाडांना आठवड्याला 1200 लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि ओल त्या भेगांतून उडून जाते, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा चार बोटं थर हवा. हे पाणी कुठून, कोणत्या टेम्पोतून, कुणाच्या हातून, याचं उत्तर नसेल तर त्या वर्षी खड्डेही करू नका.

पैसा आणि कागद. गुजरातेत सार्वजनिक न्यासाची नोंदणी चॅरिटी कमिशनरकडे होते. सोसायटी (नोंदणीकृत मंडळ) काढलीत तर निदान सात सभासद लागतात आणि तीही न्यास म्हणून नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल कळवायचा असतो आणि हेच सर्रास राहतं. करमाफीसाठीची आयकर खात्याची नोंदणी आधी तात्पुरती मिळते. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पहिला कागद हातात आला की लोक निवांत होतात आणि दुसरा विसरतात. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला आयकरातली सवलत (जिला 80जी म्हणतात) मिळत नाही, म्हणून पावती फाडण्याआधीच त्याला सांगा. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिलेला खर्च धरला जात नाही, कलाकारांचं मानधन बँकेतूनच द्या. वर्षाच्या उत्पन्नातला 85 टक्के भाग उद्देशांवर खर्च व्हायला हवा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा दाखला असल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पहिली तीन वर्षं छोट्या देणग्या आणि कार्यशाळांच्या शुल्कावर काढायची तयारी ठेवा.

आणि इथेच एक बारीक गोम आहे. आयकराच्या दृष्टीनं शिक्षण आणि पर्यावरणाचं जतन हे स्वतंत्र धर्मादाय उद्देश आहेत. ‘कलेचा प्रसार’ एवढंच लिहिलं तर तो बहुधा सार्वजनिक उपयोगाच्या इतर कामांत मोडतो, आणि त्या गटात शुल्क किंवा विक्रीतून येणारी रक्कम एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेली तर त्या वर्षीची करमाफी जाऊ शकते. गणपतीच्या मूर्ती, कार्यशाळेचं शुल्क, चित्रांची विक्री, हे सगळं त्यात येतं. म्हणून न्यासपत्रात उद्देश लिहिताना ‘कलेच्या माध्यमातून पर्यावरण-शिक्षण आणि परिसराचं जतन’ अशी मांडणी करा, अर्थात तुम्ही खरोखर तेच करणार असाल तर. मसुदा न्यासांचं काम करणाऱ्या सीएला दाखवा आणि मगच सह्या करा. नंतर उद्देश बदलणं किचकट असतं, आणि बदलले तर 30 दिवसांत आयकर नोंदणीसाठीही नव्यानं अर्ज करावा लागतो.