तासगावहून सांगलीला कॉलेजला जाणाऱ्या माझ्या मुलीनं डाएटच्या नादात भाकरी-भात सोडलाय, तीन महिने पाळी नाही. टॉनिक आणि पाळीची गोळी द्यावी का?

ताई, दोन्ही नको. १६ वर्षांची मुलगी चार महिन्यांत ५४ किलोवरून ४६ वर येते आणि पाळी थांबते, तेव्हा त्याकडे आजार म्हणूनच बघायचं. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.

शरीराला पुरेसं अन्न मिळेना की मेंदू बीजकोशांना जाणारे संदेश कमी करतो. इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं भरायच्या वयातच ती विरळ व्हायला लागतात. गोळीनं कदाचित रक्तस्राव होईल, पण उपासमार तशीच राहील आणि घरच्यांना वाटेल, झालं बरं.

उद्या सकाळी ती अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ५० च्या खाली असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर त्याच दिवशी सांगलीचं सिव्हिल किंवा मिरज गाठा. ईसीजी, साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बघायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच जणींचे येतात. जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाते का, याकडेही लक्ष ठेवा. उलट्या काढत असेल तर पोटॅशियम घसरतं, आणि हे ती आपणहून सांगणार नाही.

घाबरून लगेच शिरा-लाडवांचा मारा करू नका. अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पिष्टमय पदार्थ गेले की इन्सुलिन वाढतं, फॉस्फरस-पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि हृदयावर बेततं. तिचं वजन जवळजवळ सातवा हिस्सा उतरलंय, तेव्हा सुरुवात किती खाण्यानं करायची आणि ते कसं वाढवायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

त्यांनी हिरवा कंदील दिला की तीन जेवणं आणि मध्ये तीन खाणी. जागेपणी चार तासांपेक्षा मोठा खंड नको. ताट तुम्ही वाढायचं, तिनं नाही. एक भाकरी, उसळ, भात-आमटी, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण १७० कॅलरी मिळतात. काकडी तेवढ्याच वजनाची घेतली तर पाचसुद्धा नाहीत. या वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे २५०० लागतात. जेवणाला अर्धा तास द्या, शेजारी बसा, पुढचा तासभरही सोबत राहा. ताटावर वाद घालू नका. कॉलेजचं, मालिकेचं, काहीही बोला.

सगळ्यात जास्त घोळ डब्यात होतो. तासगावहून एसटीनं सांगलीला येणाऱ्या मुलीचा डबा कुठं रिकामा होतो, ते घरी कळत नाही. म्हणून सुरुवातीला काही दिवस कॉलेज बंद ठेवावं लागलं तरी चालेल. व्यायामही डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

घरातला वजनकाटा कपाटात ठेवा. वजन दवाखान्यात, काट्याकडे पाठ करून. मोबाईलवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, काढू नका, तिथले आकडे मोठ्यांचे असतात. १८ वर्षांपर्यंत वयानुसार वाढीचा तक्ता बघतात.

"बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणणाऱ्या पाहुण्यांना आधीच फोन करून गप्प करा. हे औषधाइतकंच गरजेचं आहे, आणि हे काम तिच्या वडिलांकडे द्या, नाहीतर सगळं आईवरच पडतं. "तोंड बघ कसं झालंय" हेही नको. "तुला चक्कर येते, थंडी वाजते, म्हणून आपण दाखवून येऊ," एवढंच म्हणा. ती चिडेल, रडेल, तरी न्या.

मनाच्या डॉक्टरांकडेही जावं लागेलच. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण जीव देण्याचं बोलली, तर फोनवर थांबू नका, थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या आणि तोवर तिला एकटीला सोडू नका.