प्लीहा नाही आणि ताप उतरत नाही

प्रश्न : खानापूरजवळ आमचा म्हशींचा गोठा आहे. अपघातात माझी प्लीहा (पाणथरी) काढावी लागली. दहा दिवस ताप आहे, लघवी कोऱ्या चहासारखी होते. मलेरियाची झटपट चाचणी निगेटिव्ह. गोचीड चावल्याचं आठवत नाही. आता काय?

उत्तर : उत्तराची वाट न पाहता बेळगाव गाठलं असेल, अशी आशा आहे. प्लीहा नसताना ताप अंगावर काढायचा नसतो. जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी.

गोचिडीचा उल्लेख केलात, म्हणजे तुमच्या मनातली शंका बबेसियाची, गोचिडीतून येणाऱ्या परजीवीची. गुरांना ज्याने लाल लघवी होते, त्याच जातकुळीतला हा. माणसात फार दुर्मीळ, पण प्लीहा नसलेल्यांत उग्र. गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, आठवणार कशी? झटपट चाचणी फक्त मलेरियाची प्रथिनं शोधते. तेव्हा रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा, एकदा नव्हे, दोन-तीनदा. लाल पेशीत मलेरियासारखीच कडी दिसते, फसायला होतं. पण मलेरियाचा तपकिरी रंगकण नसतो, आणि क्वचित चार ठिपक्यांची फुली दिसते. (ती दिसली तर तंत्रज्ञाला माझ्याकडून बेळगावची मिठाई, कुंदा!) खात्री पीसीआरने, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने. चिठ्ठीवर ‘प्लीहा नाही’ ठळक लिहून न्या.