गयेला पिंडदानासाठी जातोय, तिथून बोधगया दोन तासांत होईल का?

होईल. गयेहून साधारण १५ किलोमीटर, रिक्षा मिळते. पण दोन तासच हातात असतील तर ती ८० फुटी मूर्ती, थाई मंदिर वगैरे सोडा. सगळा वेळ महाबोधी विहाराला द्या, त्यातही बोधिवृक्षापाशी जास्त.

हे ठासून सांगतोय, कारण आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा दादाने तिला तिथे सुखाने बसू दिलं नाही. आई कठड्याशी बसून गळणाऱ्या पानाची वाट बघत होती. दादा म्हणे, "अगं, हे मूळ झाडच नाही. जुनं १८७६ च्या वादळात पडलं, हे नंतर कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्व अधिकाऱ्याने लावलेलं. बाबासाहेबांनी आपल्याला पानं गोळा करायला बौद्ध केलं का?" माहिती बरोबर आहे. पण शेजारी पांढऱ्या साड्यांतल्या श्रीलंकेच्या बायका होत्या. त्यांच्या अनुराधपूरला सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, इथून नेलेल्या फांदीचं झाड आहे, तरी त्या इथवर येतात. त्यांनी पंचशील सुरू केलं आणि आई त्यांच्यात मिसळून म्हणू लागली. चाल वेगळी, पाली तीच. चौथी शिकलेली बाई परदेशी बायकांबरोबर एकही शब्द न अडखळता म्हणत होती. दादाला त्यातली एक ओळ पाठ नाही.

मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणतो: तर्क चालवायचा तर विहाराच्या कारभारावर चालव. १९४९ च्या कायद्याने समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी अध्यक्ष. विहार पूर्ण बौद्धांच्या ताब्यात यावा म्हणून नागपूरच्या भन्ते सुरई ससाईंनी १९९२ पासून आंदोलन केलं. त्यावर दादा गप्प, आणि पानावर व्याख्यान!

हां, मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यात वेळ जातो. डिसेंबर-जानेवारीत तिबेटी भाविकांची तुफान गर्दी असते, तेव्हा दोन तास विसरा. मे महिन्यात जात असाल तर दुपार टाळा, अनवाणी पाय भाजतात. विहार पहाटे पाचला उघडतो. आणि बरोबर आमच्या दादासारखं कुणी असेल तर त्याला त्या ८० फुटी मूर्तीकडे पाठवून द्या.