अटॅचमेंटचे नाव आणि ६४ बाइटांचा अ‍ॅरे

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या छापखान्यात ग्राहक पत्रिकांचा मजकूर मेलने पाठवतात. अटॅचमेंट काढून फोल्डरमध्ये ठेवणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला आहे. नाव ६४ बाइटांच्या अ‍ॅरेत (ठरावीक मापाच्या जागेत) स्ट्रकॉपीने घेतो, एसप्रिंटएफने त्याला फोल्डरचे नाव जोडतो, एफओपनने फाईल उघडतो. मराठी नाव आले की प्रोग्रॅम अधूनमधून कोसळतो. अ‍ॅरे २५६चा केला तर भागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तात्पुरते भागेल. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘लग्नपत्रिका अंतिम दुरुस्ती’ एवढेच नाव ७४ बाइटांचे होते, म्हणजे ६४च्या अ‍ॅरेबाहेर सांडते. उद्या कोणी मुद्दाम ३०० बाइटांचे पाठवले की पुन्हा तेच.

खरी अडचण पुढे आहे. हे नाव पाठवणारा ठरवतो. त्यात ../ (म्हणजे ‘वरचा फोल्डर’) असेल तर फाईल तुमच्या फोल्डरबाहेर जाऊन पडते, आणि एफओपन ‘डब्ल्यू’ मोडमध्ये असेल तर तिथली जुनी फाईल पुसली जाते. आलेले नाव डोळे झाकून वापरू नये, असे मेलमधील अटॅचमेंटविषयीच्या १९९७च्या आरएफसी २१८३ या इंटरनेट-दस्तऐवजातच बजावले आहे.

म्हणून आमचा आग्रह असा, की डिस्कवरचे नाव तुम्हीच द्या. ०००४१७ असा क्रमांक पुरतो. एफओपनऐवजी ओपन वापरा, त्याला ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल हे दोन्ही फ्लॅग द्या, परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. त्या नावाची फाईल किंवा सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारा दुवा) आधीच असेल तर ओपन नकार देते. मग पुढचा क्रमांक घ्या. ग्राहकाचे नाव वेगळ्या नोंदीत, फक्त पडद्यावर दाखवण्यापुरते ठेवा. तेही ० ते ३१ आणि १२७ या क्रमांकांची नियंत्रण-चिन्हे काढून.

फाईलला मूळ नावच हवे असेल तर ते आधी डीकोड करा (सांकेतिक रूपातून मूळ रूपात आणा), मग तपासा. क्रम उलटला तर टक्का-चिन्हाच्या संकेतात दडवलेली तिरपी रेघ चाळणीतून निसटते. शेवटच्या / किंवा \ नंतरचाच भाग घ्या. रिकामे नाव, ‘.’ आणि ‘..’ नाकारा. एसप्रिंटएफऐवजी माप पाळणारे एसएनप्रिंटएफ वापरा; त्याने परत दिलेला आकडा अ‍ॅरेच्या मापाइतका किंवा मोठा असेल तर नाव कापले गेले आहे, ते वापरू नका. स्ट्रएनकॉपीकडे वळू नका. नाव मापात बसले नाही तर ती नाव कुठे संपते हे सांगणारा शेवटचा शून्य बाइट लावतच नाही. चिन्ह अक्षर-अंक आहे का ते पाहणाऱ्या इझअल्नमला कॅरेक्टर देताना अनसाइन्ड (ऋण नसलेले) करून द्या, नाहीतर देवनागरीचे बाइट ऋण होऊन जातात.

छपाईची आज्ञा चालवण्यासाठी हे नाव सिस्टिम या फंक्शनला देत असाल तर ते आजच काढा. नावातल्या एका अर्धविरामानंतरचा भाग शेलला (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) नवी आज्ञा वाटतो. शेलला मध्ये न घेणारे एक्झेकव्हीपी वापरा आणि नाव पर्याय समजले जाऊ नये म्हणून त्याआधी -- द्या.