रेषा सुंदर आहे, पण रात्री नऊला तू कुठे असशील?

मित्रा,

तू आखलेल्या सायकलच्या रस्त्याची फाइल काल रात्री उघडली आणि बारा वाजेपर्यंत बंद करता आली नाही. सरावासाठी तुला ट्रान्सकॉन्टिनेंटल या युरोप ओलांडायच्या सायकल शर्यतीचे २०१९चे कंट्रोल, म्हणजे गाठायलाच हवीत अशी ठिकाणं, दिली होती. काळ्या समुद्रावरच्या बुर्गासहून सुटायचं. बल्गेरियात बुझलुजा, सर्बियात बेस्ना कोबिला, इटलीत डोलोमाइट्समधली गार्देना खिंड, फ्रान्समध्ये गालिबिए खिंडीचा परिसर, आणि शेवटी अटलांटिककाठचं ब्रेस्ट. मधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. तू तो ४,००० किलोमीटरच्या आत बसवलास, आणि त्याचा आनंद तुझ्या निरोपातल्या तीन उद्गारचिन्हांतून दिसला.

माझी पहिली तक्रार तिथेच आहे. किलोमीटर वाचवायला तू डोंगर विकत घेतलेस. सामान लादलेली सायकल आणि आठवडाभराचे थकलेले पाय असतील तर चढाला मी तासाला ५०० मीटर उंचीच धरते. म्हणजे हजार मीटरची खिंड दोन तास खाते. तेवढ्या वेळात सपाटीवर ४५ किलोमीटर होतात, तेही जॅकेट काढ-घाल न करता. कुठेकुठे खिंडच बरी पडते, पण ते मोजून ठरव. मोजताना सगळे पर्याय एकाच अ‍ॅपमध्ये टाक, कारण चढाचा आकडा प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळा येतो. दुसरी गंमत बोगद्यांची. रस्ता डोंगराच्या पोटातून जातो आणि नकाशा डोंगरमाथ्याची उंची मोजतो. तुझ्या फाइलमध्ये एके ठिकाणी ४०० मीटरचा सुळका आहे, तो असाच खोटा आहे.

आता खऱ्या बोगद्यांबद्दल. शर्यतीच्या वेळी आयोजक बंदी असलेल्या रस्त्यांची आणि बोगद्यांची यादी देतात. ती आली की आधी ती नकाशावर लाल रंगाने चढवायची, मगच बाकीचं. यादीत नसलेला रस्ता चांगलाच असतो असंही नाही. गार्दा सरोवराच्या पश्चिम काठाने तू रेष ओढलीस, कारण तिथे पाणी निळं दिसतं. तिथे बोगद्यांमागून बोगदे आहेत, आणि ऑगस्टमध्ये सगळा युरोप मोटारी घेऊन त्याच काठावर उतरलेला असतो. बोल्झानोवरून आदिजे नदीच्या खोऱ्यात उतर, तिथे सायकलचा वेगळा रस्ता आहे.

स्ट्रीट व्ह्यूचा कंटाळा करू नकोस. अख्खी रेष पाहणं शक्य नाही, पण जिथे रस्त्याचा नंबर बदलतो, जिथे नकाशावर रेघ बारीक होते, जिथे गाव संपून जंगल सुरू होतं, तिथे उतरून बघ. डांबर आहे का, कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर जागा किती, फोटोत ट्रक किती. फोटो कोणत्या वर्षीचा तेही कोपऱ्यात लिहिलेलं असतं. हे मी का सांगते? सर्बियात मला एका अ‍ॅपने ११ किलोमीटर वाचवून दिले होते. रात्री दीडला कळलं की ती लाकूडतोड्यांची वाट आहे. २८ मिलिमीटरच्या टायरवर मुठीएवढी खडी. तीन तास सायकल ढकलली, वर कुत्र्यांची सोबत. (कुत्रं मागे लागलं तर उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालत राहायचं. पळवायला गेलास तर त्यांना खेळ मिळतो.) घरी खुर्चीत बसून ती वाट दोन मिनिटांत बघून झाली असती.

पण तुझ्या रेषेत मला खरं काय खटकलं सांगू? तिच्यावर जेवण नाही. ४,००० किलोमीटर चौदा दिवसांत म्हणजे रोजचे साधारण २८५. आपल्या ६०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) ४० तास मिळतात, म्हणून तुला हा आकडा ओळखीचा वाटतो. पण ६०० संपलं की तू घरी येऊन झोपतोस. इथे पहाटे पुन्हा २८५ असतात, आणि कुणी मित्र गाडीतून केळी आणून देऊ शकत नाही. जे कुणालाही पैसे देऊन मिळतं तेवढंच तुला घेता येतं. म्हणून दुकानं कुठे आहेत यापेक्षा ती किती वाजेपर्यंत उघडी आहेत हे जास्त महत्त्वाचं.

दोन आठवड्यांत दोन रविवार येणारच. ते ऑस्ट्रियात आले तर सुपरमार्केट बंद, पेट्रोल पंपावर मिळेल ते खायचं. इटलीत दुपारी गावं चिडीचूप होतात. फ्रान्समध्ये रविवारी दुपारनंतर शुकशुकाट, आणि सोमवारी कितीतरी बेकऱ्यांना सुट्टी. बल्गेरियात मात्र पाण्याची काळजी कमी. रस्त्याकडेला दगडी झरे बांधलेत, त्यांना चेशमा म्हणतात. आपला चष्मा आणि हा चेशमा एकाच फारसी घरातले. फ्रान्समध्ये पाणी लागलं तर स्मशानभूमी शोध, फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. 'पिण्याचं नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघ.

बेस्ना कोबिलापासून गार्देनापर्यंतचा पट्टा तू कोसोवो-बोस्नियाच्या डोंगरांतून नेलास. नकाशावर तो फार देखणा दिसतो. मी निशवरून बेलग्रेड आणि तिथून सावा नदीच्या सपाटीने झाग्रेबकडे जाईन. कंटाळवाणं आहे, कबूल. लांबच लांब गावं, मका, पुन्हा मका. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मला तो कंटाळाच हवा असतो, डोकं बंद ठेवून पाय चालतात आणि दर वीस किलोमीटरला दुकान येतं. बोस्नियातूनच जायचं ठरवलंस तर एक गोष्ट पक्की: झोपायला डांबर सोडून रानात शिरायचं नाही. १९९० च्या दशकातल्या युद्धातले भूसुरुंग तिथे अजून आहेत.

पुढे ल्युब्लियानावरून फिलाखला जा, ड्राव्हा नदीच्या कडेने लिएंझ, मग ब्रुनेकवरून बादिया खोऱ्यात. गार्देना २,१२१ मीटरवर आहे, पण या बाजूने चढ अंगावर येत नाही. पो नदीच्या मैदानाचं उलट आहे. सपाट म्हणून भुलशील आणि दुपारच्या उन्हात भाजून निघशील. ते मैदान रात्री आणि पहाटे ओलांडायचं. गालिबिए २,६४२ मीटर. वर अंधारात पोचलास तर उतार थंडीने कुडकुडत उतरावा लागेल, म्हणून पोचायची वेळ आधीच दिवसाची धर.

आता तुझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याचं काम. बल्गेरिया आणि क्रोएशिया आता शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, सर्बिया नाही. म्हणजे तुझी रेष शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येते, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही, अनेकदा प्रवेशाचाच काढ. सर्बियाचे नियम वेगळे वाच. क्युस्तेंदिलकडून बोसिलेग्राडला जाणारी हद्द तुला सोयीची आहे, पण ती परदेशी सायकलवाल्याला रात्री खुली असते का, हे आधी विचारून घे. बरोबरचे युरोपियन ओळखपत्र दाखवून पुढे निघतील, तुझं पान न् पान उलटलं जाईल. अर्धा तास धर आणि चिडू नकोस.

ब्रिटनीत पोचलास की लुदेआक आणि कारे ही नावं दिसतील. आपल्याकडे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकलफेरी केलेल्यांना त्या भागाबद्दल विचार. छोटे, खडे, न संपणारे चढ आणि समोरून वारा, एवढं तर प्रत्येक जण सांगेल. २०१९ ला फिओना कोल्बिंगर ही २४ वर्षांची जर्मन मुलगी हे सगळं १० दिवस २ तास ४८ मिनिटांत संपवून सगळ्या पुरुषांच्या आधी ब्रेस्टला पोचली. तिच्याशी आपली तुलना नको, आपण चौदा दिवसवाले.

युरोपला जायच्या आधी एक काम कर. पुण्याहून पणजी, वाटेत आंबेनळी आणि आंबोली हे घाट सक्तीचे, बाकी तुझं तू ठरव. आंबेनळी उतरून कोकणातून जायचं आणि आंबोली खालून चढायची, की देशावरून कोल्हापूर गाठून आंबोली उतरायची, हे मी सांगणार नाही. खोली आधी ठरवायची नाही, कुणाला फोन करून डबा मागवायचा नाही.

आणि फाइल सुधारून पाठव. या वेळी एकूण किलोमीटर लिहू नकोस. चौदा ओळी लिही: रोज रात्री नऊला तू कोणत्या गावात असशील, आणि तिथे त्या वेळी काय उघडं असेल.

तुझी,
ताई