वाचकांचे प्रश्न : मॉडेलकडून नेमके काय हवे आहे?

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडवर आमचे पाच जणांचे वास्तुविशारद कार्यालय असून आजवरचे सर्व काम ऑटोकॅडवर झाले आहे. आता बीआयएमकडे, म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल करण्याच्या पद्धतीकडे, वळण्याचा विचार आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, संगणक बदलावे लागतील का आणि सुरुवात कोणत्या कामापासून करावी?

उत्तर : प्रथम एक खुलासा. या सदरात मी ‘बिम’ असे न लिहिता मुद्दाम ‘बीआयएम’ असे लिहितो, कारण साइटवर ‘बिम’ म्हटले की सेंटरिंगचा मिस्त्री मान वर करून बीमकडेच पाहू लागतो.

आपल्या तीन प्रश्नांचा क्रम मी बदलतो आणि शेवटचा आधी घेतो. सुरुवातीसाठी बंगला निवडू नये. त्यातली प्रत्येक खोली निराळी असते, मालकाचे मत दर आठवड्याला बदलते आणि काहीच पुन्हा येत नसल्यामुळे मॉडेलचा लाभ दिसण्याआधी त्याचा त्रासच दिसतो. खाली पार्किंग आणि वर पाच मजले अशी नेहमीची निवासी इमारत घ्यावी. त्यातला पुन्हा पुन्हा येणारा एक (टिपिकल) मजला नीट बसला, की छेद, दर्शनी आराखडे आणि दारे-खिडक्यांचे तक्ते त्याच मॉडेलमधून निघतात आणि एका खिडकीचे माप बदलले, तर ते सगळीकडे एकदमच बदलते. कॅडमध्ये हीच दुरुस्ती चार ठिकाणी करावी लागते आणि पाचव्या ठिकाणी हमखास राहून जाते.

पहिली भिंत काढण्यापूर्वी या मॉडेलमधून काय काय बाहेर काढायचे आहे, याची यादी कागदावर लिहून काढावी. यादीत जे नाही, ते मॉडेलमध्येही नको. बारकाव्याच्या पातळ्यांसाठी १०० पासून ४०० पर्यंतची एलओडीची मोजपट्टी वापरतात. वर्किंग ड्रॉइंगसाठी बहुतेक घटक ३०० पर्यंत आणले तरी पुरते. दाराची बिजागरी किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला, आतल्या आट्यांसकट काढलेला नळ फाइल जड करतो आणि छापील आराखड्यावर त्याचा ठिपकाही उमटत नाही. याउलट टेम्प्लेटवर, म्हणजे प्रत्येक कामाची सुरुवात ज्या तयार फाइलवरून होते तिच्यावर, दोन-तीन आठवडे खर्च झाले तरी चालतील. २३० आणि १५० मिलिमीटरच्या भिंती, त्यांवरचे आतले व बाहेरचे प्लास्टर, नावे देण्याची पद्धत आणि शीटचा साचा त्यात आधीच असावा आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कार्यालयातल्या एकाच व्यक्तीकडे असावा.

एक चूक आम्ही केली, ती आपण करू नये. पहिल्या कामात ‘सुरक्षितता’ म्हणून कॅड आणि मॉडेल दोन्ही समांतर चालवले. साइटवरून ड्रॉइंगची घाई सुरू होताच सर्व जण कॅडकडे पळाले आणि मॉडेल दुसऱ्या स्लॅबवरच थांबले. निवडलेले काम पूर्णपणे मॉडेलमध्येच करावे. बाकीची कामे खुशाल कॅडमध्ये चालू द्यावीत.

सॉफ्टवेअर निवडताना आपले आरसीसी (काँक्रीटच्या सांगाड्याचे) सल्लागार आणि प्लंबिंग-विद्युत सल्लागार काय वापरतात, हे आधी विचारावे. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दरवर्षी येते आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून प्रकल्पाची आवृत्ती पहिल्याच बैठकीत लेखी ठरवावी. रेव्हिट एलटी स्वस्त आहे, परंतु त्यात एकाच मॉडेलवर अनेकांना एकाच वेळी काम करता येत नाही, आणि पाच जणांच्या कार्यालयात ही उणीव लवकरच जाणवते. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड वास्तुविशारदाच्या कामाला तितकेच समर्थ आहे; इतरांशी देवाणघेवाण मात्र आयएफसी या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या खुल्या फाइल-स्वरूपात करावी लागते. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरवर चालणारे बोन्साय मोफत आहे आणि थेट आयएफसीवर काम करते. ते शिकण्यासाठी आणि इतरांची मॉडेल्स तपासण्यासाठी अवश्य ठेवावे, पण पहिले काम त्यावर बेतू नये, असे माझे मत आहे.

संगणकासाठी ३२ जीबी रॅम, एसएसडी आणि जास्त गतीचा प्रोसेसर पुरेसा आहे. केवळ कोअरची संख्या पाहून पैसे घालू नयेत, कारण मॉडेलिंगचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. रेव्हिटची मध्यवर्ती फाइल कार्यालयातल्या सर्व्हरवर ठेवावी. गूगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ती कधीही ठेवू नये.

प्रश्न : आमच्या आरसीसी सल्लागारांचे मॉडेल जोडले, की ते आमच्या इमारतीपासून फार दूर जाऊन पडते. हाताने सरकवून जुळवले, तर मजल्यांच्या पातळ्यांत ७५ मिलिमीटरचा फरक राहतो. भूखंड नासर्डी नदीजवळ आहे.

उत्तर : हाताने सरकवणे तत्काळ थांबवावे, कारण पुढच्या वेळी सुधारित मॉडेल आले, की तोच खेळ पुन्हा सुरू होतो. येथे दोन वेगवेगळे घोटाळे आहेत.

पहिला आरंभबिंदूचा, म्हणजे मॉडेलमधल्या शून्य बिंदूचा, आहे. मोजणीदाराने दिलेला नकाशा बहुधा यूटीएम पद्धतीचा, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीचा, असतो. नाशिक त्याच्या ४३ क्रमांकाच्या उत्तर पट्ट्यात येते आणि येथे उत्तरेकडचा आकडा, म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर, २२ लाख मीटरच्या पुढे जातो. एवढ्या दूरच्या बिंदूवर प्रत्यक्ष इमारत काढू नये, कारण रेव्हिटमधील भूमिती अंतर्गत आरंभबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. त्यापलीकडे रेषा व मापे बिघडू लागतात. इमारत आरंभबिंदूजवळच काढावी, दोन ग्रिडलाइनचा (खांबांच्या आखणीरेषांचा) छेद, उदाहरणार्थ अ आणि १ चा, सर्वांनी समान बिंदू म्हणून मानावा आणि मोजणीचे खरे आकडे केवळ सर्व्हे पॉइंटला (मॉडेलचे जमिनीवरच्या मोजणीशी नाते सांगणाऱ्या बिंदूला) द्यावेत. हे निर्देशांक वास्तुविशारदाने एकदाच ठरवावेत व इतरांनी ते आपल्या मॉडेलमध्ये घ्यावेत. इमारत खऱ्या उत्तरेशी जो कोन करते, तोही याच वेळी नोंदवावा. नदीकाठच्या भूखंडावर हे टाळता येत नाही, कारण निळ्या आणि लाल पूररेषेच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून दिलेल्या असतात, तर आपण ड्रॉइंगमध्ये शून्य धरतो तो प्लिंथला (जोत्याला). या दोन्हींचा संबंध मॉडेलमध्ये एका ठिकाणी बांधलेला नसेल, तर बेरीज-वजाबाकी कोणाच्या तरी डायरीतच राहते.

दुसरा घोटाळा चुकीमुळे नाही, तर भाषेमुळे झाला आहे. आपण मजल्याची पातळी फरशीच्या वरच्या पृष्ठावर धरता आणि सल्लागार ती स्लॅबच्या वरच्या पृष्ठावर धरतात; मधले ७५ मिलिमीटर म्हणजे फरशी आणि तिच्याखालचा मसाला. दोन्ही मॉडेल्समध्ये या दोन पातळ्या वेगवेगळ्या नावांनी ठेवाव्यात.

जुळणी झाल्यावर नेव्हिसवर्क्स या मॉडेल्स एकत्र तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सरसकट टक्कर-तपासणी (कोणते भाग एकमेकांत घुसतात ते शोधणे) लावू नये. हजारो नोंदी येतात आणि त्या कोणीच वाचत नाही. प्रथम शौचालयांचे सांडपाण्याचे पाइप विरुद्ध बीम एवढीच तपासणी करावी. आपल्याकडील इमारतींत काँक्रीट फोडण्याची पाळी बहुतेक वेळा तेथेच येते.

प्रश्न : मॉडेलमधून काढलेले प्लास्टरचे क्षेत्रफळ ठेकेदाराच्या बिलाशी जुळत नाही. मॉडेल चुकते की ठेकेदार?

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. मॉडेल भूमिती मोजते आणि बिल आयएस १२०० या बांधकाम-मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे मोजले जाते. या मानकात प्लास्टरसाठी ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्याची (दार-खिडकीच्या मोकळ्या जागेची) वजावट नसते, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघाड्यासाठी, दोन्ही बाजूंना सारखे प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते आणि कडांचे प्लास्टर वेगळे धरत नाहीत. ३ चौरस मीटरच्या पुढे दोन्ही बाजू वजा होतात व कडा मोजल्या जातात.

आता १.५ बाय १.२ मीटरची खिडकी घ्या. मॉडेल दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ चौरस मीटर वजा करते, बिलात १.८ वजा होतात. अशा ४० खिडक्या असतील, तर ७२ चौरस मीटरचा फरक पडतो आणि त्यात लबाडी कोणाचीच नसते. म्हणून खिडक्यांच्या तक्त्यात उघाड्याचे क्षेत्रफळ दाखवणारा रकाना ठेवावा, त्यावर वरील तीन गट पाडावेत आणि वजावट तेथून करावी.

तरीही फरक उरला, तर भिंती तपासाव्यात. घाईत काढलेली भिंत स्लॅबपर्यंत जाते, साइटवरची वीट मात्र बीमच्या तळाशी थांबते. अशा वेळी विटेचे आकडे फुगतात, आणि ती चूक मात्र मॉडेल करणाऱ्याचीच असते.

प्रश्न : महापालिकेच्या मंजुरीचे आराखडे थेट मॉडेलमधून देता येतील का?

उत्तर : देता येतात, पण ऑनलाइन प्रणालीला ठरलेल्या लेअरवरची कॅड फाइल लागते, म्हणून लेअरची जुळणी एकदाच तयार करून टेम्प्लेटमध्ये साठवावी. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआयचा (चटई क्षेत्र निर्देशांकाचा) हिशेब पी-लाइनवर, म्हणजे बांधकामाच्या बाह्य परिघावर, चालतो. मॉडेलमधील खोलीचे क्षेत्रफळ भिंतीच्या आतून मोजले जाते. पी-लाइनसाठी क्षेत्रफळाचा स्वतंत्र आराखडा (एरिया प्लॅन) करून त्याच्या सीमा हाताने आखाव्यात. आपोआप आखलेल्या सीमा बाल्कनी आणि डक्टपाशी हमखास फसतात.