समीकरणं सुटतात, दीर्घिका दिसत नाही

प्रश्न : पदव्युत्तर वर्गात विश्वरचनाशास्त्र शिकतो आहे. समीकरणं सोडवता येतात, पण त्यातून दीर्घिका कशी घडते ते डोळ्यांपुढे येत नाही. काय करू?

उत्तर : माझंही पहिलं सत्र असंच गेलं. मग एका संध्याकाळी एक हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडा.

विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना पार्श्वप्रारण, म्हणजे आजही सगळ्या दिशांनी येणारा तो आदिम प्रकाश, मोकळं झालं. त्याच्या तापमानातले चढउतार साधारण एक लक्षांश, म्हणजे साध्या द्रव्याच्या घनतेतला फरकही तेव्हा त्याच पातळीचा. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावलं, आणि द्रव्यप्रधान काळात घनतेतला फरक प्रसरणाच्याच प्रमाणात वाढतो. गुणाकार करा. उत्तर येतं जेमतेम एक शतांश! गुठळी कोसळायला तर हा फरक एकच्या आसपास जावा लागतो. म्हणजे नुसत्या साध्या द्रव्यातून एकही दीर्घिका घडली नसती. प्रकाशाशी न बांधलेल्या कृष्णद्रव्याच्या गुठळ्या आधीपासून वाढत होत्या, साधं द्रव्य नंतर त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यांत ओघळलं. हे स्वतःच्या हातांनी निघालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढचा प्रश्न वायूचा : तो निवायला किती वेळ लागतो आणि कोसळायला किती? सायमन व्हाइट आणि मार्टिन रीस यांचा १९७८चा शोधनिबंध इथे जरूर वाचा. कृष्णविवरांच्या प्रभावाचं प्रकरण अजून वादाचं आहे, सुरुवात तिथून नको. त्याआधी हजारभर कणांच्या गुरुत्वाकर्षणाचा छोटा प्रोग्राम स्वतः लिहा, आयता घेऊ नका.